ऑटोमॅटिक घ्यायची, पण कोणती ऑटोमॅटिक?

आम्ही गिरगावातल्या खोताच्या वाडीतून बोलतोय. मागच्या खेपेला आम्ही बॉटल मसाल्याबद्दल बोललो होतो. मिरच्या कोणत्या घ्यायच्या, ऊन किती द्यायचं, बाटलीत दाबून कसा भरायचा, सगळं सांगितलं. शेवटी सहज बोलून गेलो की आता ऑर्डरी पोचवायला आमची आम्हीच गाडी चालवतो. झालं! मसाला राहिला बाजूला आणि प्रश्न आले ते गाडीचे.

त्यातला एक प्रश्न आम्ही परत परत ऐकला. घाटाखालच्या एका बचत गटाने विचारलं होतं, “आमच्या गटाने गाडी घ्यायचं ठरवलंय. शोरूममधले म्हणतात, ताई, तुम्ही बायका, तुम्ही ऑटोमॅटिकच घ्या. घ्यावी का?”

आता गाडीला बाई आणि बुवा कळत नाही. तिला चढ कळतो, वजन कळतं आणि रस्ता मोकळा की तुंबलेला ते कळतं. आणि ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द तर ‘भाजी’ या शब्दासारखा आहे. भाजी आणा म्हटलं तर मेथीही येईल आणि सुरणही येईल. आम्ही हे न विचारता गाडी घेतली आणि गटाचे पैसे घालवून बसलो. म्हणून आज सविस्तर बोलतो.

खरं म्हणजे खोताच्या वाडीत राहून गाडीबद्दल बोलणं हाच एक विनोद आहे. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची. आतल्या गल्ल्या माणसांच्या आणि हातगाडीच्या मापाच्या. लाकडी जिने, पुढे व्हरांडे, आणि मधून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने थांबायचं. आमची गाडी बाहेर जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर उभी राहते आणि बाटल्यांची खोकी आम्ही तिथवर हातांनी नेतो.

आता मुळापासून सुरुवात करू. गाडीला गिअर लागतात कशाला?

इंजिनाची एक खोड आहे. त्याला फार हळू फिरता येत नाही. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की ते धडधडतं आणि बंद पडतं. चाकाचं उलट आहे. छोट्या गाडीचं चाक एका फेरीत साधारण पावणेदोन मीटर पुढे जातं. म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाने चाललो तर चाक मिनिटाला जेमतेम १९० फेऱ्या घेतं. हळू फिरणारं चाक आणि भराभर फिरणारं इंजिन यांचा मेळ घालणारी दातेरी चक्रांची पेटी म्हणजे गिअरबॉक्स. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चौदा-पंधरा वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. जोर भरपूर, वेग कमी. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाच्या तीन-साडेतीन फेऱ्यांतच चाकाची एक फेरी होते. वेग भरपूर, जोर कमी. म्हणून चढावर पहिला-दुसरा आणि मोकळ्या रस्त्यावर चौथा-पाचवा.

दुसरी अडचण म्हणजे उभी गाडी हलवायची कशी. इंजिन फिरतंय आणि चाक थांबलेलं आहे. दोघांना एकदम जोडलं तर गचका बसून इंजिन बंद पडणार. त्यासाठी मध्ये क्लच असतो. क्लच म्हणजे जात्याच्या दोन तळ्या समजा. खालची फिरतेय असं धरा. वरची तिच्यावर हळूहळू टेकवली तर आधी नुसती घासेल, मग ओढली जाईल आणि शेवटी दोन्ही एकत्र फिरू लागतील. मधल्या त्या घासण्याला ड्रायव्हर लोक ‘हाफ क्लच’ म्हणतात. घासलं की तापतं, आणि तापलं की झिजतं. एवढं पक्कं धरून ठेवा. पुढच्या सगळ्या गाड्यांमधला फरक इतकाच आहे की हे घासण्याचं काम कोण करतं आणि कसं करतं.

साध्या, म्हणजे मॅन्युअल गाडीत ते काम आपला डावा पाय करतो. मुंबईत हे शिकायची जागा म्हणजे केम्प्स कॉर्नर. चौपाटीवरून विल्सन कॉलेज मागे टाकून वर गेलं की १९६५ च्या सुमारास बांधलेला तो जुना उड्डाणपूल येतो आणि पुढे पेडर रोडचा चढ. चढावर सिग्नल लागला, मागे बेस्टची बस अगदी चिकटून उभी, आणि सिग्नल सुटल्यावर आपली गाडी पुढे जायच्या आधी वीतभर मागे सरकते! आमच्यातली एक पहिल्या दिवशी तिथे रडली होती. मग तिला हँडब्रेकची युक्ती कळली. हँडब्रेक ओढलेलाच ठेवायचा, क्लच हळूहळू सोडायचा, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं आणि इंजिनाचा आवाज दबला की मगच हँडब्रेक सोडायचा. गाडी तसूभरही मागे जात नाही. तुमच्या घाटातही हीच युक्ती चालते.

आमच्या आधीच्या पिढीने तर याहून अवघड गाड्या पाहिल्यात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत गिअरचा दांडा खाली नसायचा, स्टिअरिंगच्या बाजूला असायचा. पुढची सीट एकसंध बाकासारखी. ड्रायव्हर गप्पा मारत तो दांडा असा वर-खाली करायचा की गिअर कधी बदलला ते कळायचंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातल्या शेवटच्या टॅक्सींची मुदत संपली.

मॅन्युअल गाडीचे दोन गुण शोरूममध्ये कुणी सांगत नाही. एक, क्लच प्लेट झिजली तर तालुक्याच्या गावचा कुठलाही चांगला मेकॅनिक ती बदलून देतो, आणि छोट्या गाडीला खर्च काही हजारांत होतो. दोन, बॅटरी उतरली तर चौघींनी ढकलायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की गाडी सुरू. ऑटोमॅटिक गाडी अशी ढकलून सुरू होत नाही. जवळ गॅरेज नसलेल्या वस्तीवर या गोष्टीला किंमत आहे.

आता आमची फजिती. आम्ही सहाजणींनी गटाच्या शिलकीतून जुनी गाडी घेतली. विकणारा म्हणाला, “ऑटोमॅटिक आहे, लोण्यासारखी चालते.” खरंच लोण्यासारखी चालली. हिसका नाही, आवाज नाही. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर चालवून पाहिली आणि पैसे देऊन टाकले. तेव्हा गिरगावात मेट्रो-३ चं खोदकाम चालू होतं. शंकरशेट रस्ता अर्धा पत्र्यांनी अडवलेला, उरलेल्या अर्ध्यातून गाड्या मुंगीच्या पावलाने सरकायच्या. मे महिना, मागे खोक्यांचं वजन, आणि आम्ही ब्रेकवरचा पाय जरा उचलत, जरा दाबत पुढे सरकतोय. काही आठवड्यांनी समोर दिवा लागला: गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी थांबवा. थांबलो, थंड झाली, निघालो. पुन्हा लागला. गॅरेजमध्ये नेली तेव्हा खर्चाचा अंदाज लाखाच्या घरात निघाला आणि कळलं की ती ‘ड्युअल क्लच’ गाडी होती. कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही, कारण गाडीचा दोष कमी आणि आमच्या अज्ञानाचा जास्त.

ड्युअल क्लच म्हणजे काय ते आम्हाला गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं, पण समजलं मात्र मसाला कांडण्यावरून. पूर्वी उन्हाळ्यात आमच्या वाडीत मसाला कांडणाऱ्या बायका यायच्या. एक उखळ, दोन मुसळं, समोरासमोर दोघी. एकीचं मुसळ खाली आपटतं तेव्हा दुसरीचं वर तयार असतं. मध्ये क्षणभरही खंड नाही. ड्युअल क्लच गिअरबॉक्स तसाच. आत दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा असे सम गिअर. तुम्ही दुसऱ्यात चालत असता तेव्हा संगणकाने तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. म्हणून हिसका बसत नाही आणि ताकदही तुटत नाही. कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये आदोल्फ केग्रेस नावाच्या इंजिनिअरने ती १९३९ च्या सुमारास मांडली. पण दोन मुसळांचा ताल सांभाळायला संगणक लागतो. तो आल्यावर २००३ साली फोक्सवॅगनने नेहमीच्या रस्त्यावरच्या गाडीत ती आणली. आज आपल्या पुण्याजवळ चाकणला अशा गिअरबॉक्सच्या गाड्या तयार होतात. टाटांनीही २०२२ मध्ये अल्ट्रोझमध्ये ड्युअल क्लच दिला.

मोकळ्या हायवेवर याला तोड नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण क्लच तो क्लचच. मुंगीच्या पावलाने सरकताना तो सतत हाफ क्लचवर राहतो, आणि आपल्याला ते कळत नाही, कारण पेडल आपल्या पायाखाली नसतं. यातही दोन प्रकार आहेत. काहींचे क्लच कोरडे असतात, हवेवर थंड होणारे. काहींचे तेलात बुडालेले असतात. अल्ट्रोझचा तेलातला आहे. तेल उष्णता ओढून घेतं, म्हणून तुंबलेल्या रस्त्याला आणि चढाला तेलातला जास्त तग धरतो. आमचा कोरडा होता.

म्हणून ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर थांबायचं नाही. आपल्याकडे आज या नावाखाली चार निरनिराळी यंत्रं विकली जातात. ड्युअल क्लच त्यातलं एक. उरलेल्या तिघांशी ओळख करून घेऊ.

पहिलं सगळ्यांत स्वस्त आणि गावाकडे सगळ्यांत जास्त दिसणारं, एएमटी. हा वेगळा गिअरबॉक्स नाहीच. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, साधाच क्लच. फक्त डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम संगणकाच्या हुकमावर चालणारं एक यंत्र करतं. जणू गिअर बदलायला एक गडी ठेवलाय. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत हे आणलं आणि छोट्या गाडीवाल्यांना ऑटोमॅटिक परवडू लागली. साध्या गाडीपेक्षा किंमत पन्नास हजारांच्या आसपास जास्त पडते, ॲव्हरेज जवळपास तितकंच मिळतं. गडी मात्र जरा संथ आहे. गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खाते आणि पुढे डुलकी दिल्यासारखी जाते. गिअर बदलायच्या बेताला ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका केला तर ती डुलकी जवळजवळ जाते. चढावर थांबून निघताना हीसुद्धा मागे सरकू शकते. काही गाड्यांत चढावर दोन-तीन सेकंद ब्रेक धरून ठेवायची सोय असते, ती आहे का हे विचाराच. नसेल तर आपली हँडब्रेकची युक्ती आहेच.

दुसरं यंत्र जुनं आणि खानदानी, टॉर्क कन्व्हर्टर. यात निघतानाचं काम घासणाऱ्या तळ्या करतच नाहीत. एकाच डेऱ्यात समोरासमोर दोन रव्या सोडल्यात असं समजा. एक फिरवली की ताक फिरतं आणि ताकाच्या जोराने दुसरीही फिरू लागते. दोघी एकमेकींना शिवत नाहीत. इथे ताकाऐवजी तेल असतं. म्हणून तासभर मुंगीच्या पावलाने चाला, क्लच प्लेट झिजायची भीती नाही. चढावर ब्रेक सोडला तरी गाडी सहसा जागेवर धरून राहते. तुंबलेला रस्ता आणि चढ दोन्ही असतील तर आमच्या मते हीच सगळ्यांत सुखाची. पण किंमत एएमटीपेक्षा बरीच जास्त, इंधन थोडं जास्त, आणि दुरुस्ती गावच्या गॅरेजात होत नाही.

तिसरं तुम्ही रोज चालवता! तुमची गिअर नसलेली स्कूटर. पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आणली, तिच्या पोटात हेच होतं, आणि आजच्या ॲक्टिव्हातही तेच आहे. पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. दोन पुल्या आणि मध्ये पट्टा. गिरणीच्या पुल्या ठरलेल्या मापाच्या असतात. इथे पुलीच्या दोन बाजू जवळ-लांब सरकतात, त्यामुळे पट्टा वर चढतो किंवा खाली उतरतो आणि पुली जणू आपोआप लहान-मोठी होते. पहिला, दुसरा असे टप्पेच नाहीत. गाडीतल्या या प्रकाराला सीव्हीटी म्हणतात. शहरात अतिशय मऊ चालते. जोरात ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडतं आधी आणि गाडी पळते नंतर. भरलेली गाडी रोज घाट चढणार असेल तर आम्ही हिच्या वाटेला जाणार नाही.

आता घाटाखालच्या त्या गटाला आमचं उत्तर. तुम्ही लिहिलंय की आठवड्याला दोनदा माल शहरात न्यायचा आहे. मालच न्यायचा असेल तर छोटा हत्ती किंवा तसली पिकअप घ्या, आणि ती मॅन्युअलच घ्या. तिथे दोन पोती वजन जास्त चढतंच, आणि ती दुरुस्त करणारा माणूस तुमच्या स्टँडवर आहे. माणसं आणि थोडा माल दोन्ही असेल, गटातल्या चार-पाचजणी आळीपाळीने चालवणार असतील, तर एएमटी बघा. पण ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी आहे, तिचीच. आम्ही आमची लोण्यासारखी गाडी तोट्यात विकली आणि आता एएमटी चालवतो. डुलक्या देते, पण गेल्या वर्षी क्लच बदलला तेव्हा बिल बघून कुणालाही घेरी आली नाही.

शिकायचं मात्र मॅन्युअलवरच, असं आमचं मत आहे. दुचाकीच्या लायसन्सला गिअरवाली आणि बिनगिअरची असे दोन वेगळे वर्ग असतात. मोटारीच्या लायसन्सला आपल्याकडे तसा फरक नाही. ऑटोमॅटिकवरच शिकलात तर कागदावर तुम्हाला पिकअपही चालवता येते आणि प्रत्यक्षात ती जागची हलत नाही. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल आणि दारात शेजाऱ्यांची साधी गाडी उभी असेल, तेव्हा हा फरक फार मोठा होतो.

ऑटोमॅटिकवर आलात की डाव्या पायाला सुट्टी द्या. अगदी मागे, सीटजवळ ठेवा. जुन्या सवयीने तो क्लच शोधायला जातो आणि ब्रेकवर पडतो, मग सगळ्यांची डोकी पुढे आपटतात. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही एकट्या उजव्या पायाचं काम. गाडी सुरू करताना, आणि दांडा ‘डी’मध्ये किंवा ‘आर’मध्ये टाकताना पाय ब्रेकवरच हवा. ‘डी’ म्हणजे पुढे, ‘आर’ म्हणजे मागे, ‘एन’ म्हणजे न्यूट्रल. ‘पी’ म्हणजे उभी करून ठेवायची जागा; त्यात गिअरबॉक्सला आतून खीळ बसते. उतारावर गाडी उभी करताना आधी हँडब्रेक ओढा, मग ‘पी’ टाका, म्हणजे सगळं वजन त्या एका खिळीवर येत नाही. छोट्या एएमटी गाड्यांत बहुधा ‘पी’ नसतोच. तिथे गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. साडी असेल तर निऱ्या गुडघ्याखाली नीट खोचून घ्या आणि मागे पट्टा असलेली चप्पल घाला. सटकणारी सपाता पेडलखाली गेली तर गिअरबॉक्स कुठलाही असो, काही कामाचा नाही.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे बहाद्दर तुम्ही पाहिले असतील. आंबा घाट असो की वरंधा, हे कधीही करू नका. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात. ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ऑटोमॅटिकमध्ये नुसत्या ‘डी’वर गाडी उतारावर वरचा गिअर टाकून पळू लागते. म्हणून ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ लिहिलेली जागा शोधा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा. हे शोरूममध्येच दाखवून घ्या, घाटात पुस्तक उघडून वाचता येत नाही.

विजेच्या गाडीचंही कुणी विचारलं होतं. तिला ही भानगडच नाही. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून जोर लावते, म्हणून क्लच नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. ई-रिक्षा चालवणाऱ्या मैत्रिणींना हे माहीत आहेच. तिथे प्रश्न चार्जिंगचा, त्यावर वेगळं बोलू.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा एकटीने, मोकळ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी चालवून बघू नका. आम्ही तेच केलं होतं. गटातल्या पाचजणी गाडीत बसा, एसी लावा आणि गावातल्या सगळ्यांत वाईट चढावर न्या. मध्येच थांबवा, पुन्हा निघा, असं चार-पाच वेळा करा. मग बाजाराच्या दिवशी बाजारातून अर्धा तास मुंगीच्या पावलाने काढा. जुनी गाडी असेल तर क्लच कधी बदलला आणि गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, त्याची बिलं मागा. नेताना विचारा, “यातली ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कोणती? एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, की ड्युअल क्लच? आणि ड्युअल क्लच असेल तर कोरडा की तेलातला?” सांगणारा अडखळला, तर त्याला आतून दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला सांगा. तोवर चहा घ्या, पण पावती फाडू देऊ नका.